जीन क्लार्क गेल्यावरही तो 'द बर्ड्स'च होता का?

रानवारा
लॉस एंजेलिसचा रॉक बँड 'द बर्ड्स' १९६४ ते १९७३ असा धरतात. मला तो हिशेब मान्य नाही. १९६६ च्या सुरुवातीला त्यातला गायक-गीतकार जीन क्लार्क बाहेर पडला, तिथेच माझ्या लेखी बँड संपला. त्याला विमानाची धास्ती होती, हे खरं. पण बरीचशी गाणी त्याची, म्हणून रॉयल्टीही त्याला जास्त, आणि ते बाकीच्यांना सलायचं, हेही खरं. त्याचं 'आय विल फील अ होल लॉट बेटर' नीट ऐका. तू गेलीस की बरं वाटेल, असं तो ठणकावून म्हणत नाही, मध्ये एक 'बहुधा' घालतो. सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे. असं लिहिणारा त्यांना पुन्हा मिळाला नाही.

बारातारी
अजिबात पटलं नाही. बर्ड्स ओळखायला शब्द लागतातच कुठे? रिकनबॅकर गिटारच्या बारा तारा छेडल्या की झालं. बँडचा गिटारवाला रॉजर मॅग्विन शिकागोत बँजो शिकलेला, बोटांत नख्या घालून इलेक्ट्रिक गिटारही तशीच वाजवायचा. स्टुडिओत कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार दाबून सारखा करणारं यंत्र) लावून सूर लांबवला, आणि ती किणकिण जन्माला आली. जानेवारी १९६५ मध्ये 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' रेकॉर्ड झालं, तेव्हा बँडमधल्या पाचांपैकी वाद्य फक्त त्याचं होतं. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, हे स्टुडिओतले बोलावलेले वादक. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि अगदी शेवटपर्यंत टिकला तो मॅग्विनच.

खर्ज
तुम्ही दोघंही बँडमधल्या डेव्हिड क्रॉस्बीला विसरताय. मॅग्विन आणि क्लार्क बरेचदा एकच चाल एकसुरात गायचे, क्रॉस्बी त्यावर आपली वाट काढायचा. रविशंकरांचं वादन मॅग्विनच्या कानावर घातलं तेही त्यानेच. १९६५ च्या दौऱ्यात बसमध्ये रविशंकर आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या टेप सतत चालू असत. बर्ड्सच्या 'एट माइल्स हाय'मधली गिटार कोल्ट्रेनच्या 'इंडिया'तले चार सूर उचलते आणि मग सुसाट सुटते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा लगेच सतार आठवली. १९६७ मध्ये क्रॉस्बीला काढून टाकलं, ते मला आजही खटकतं.

रानवारा
@खर्ज, त्याच गाण्यावर क्लार्कचंही नाव आहे. विमानाला घाबरणाऱ्या माणसाने लंडनच्या विमानप्रवासावर लिहिलंय ते!

माळरान
१९६८ चा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा कंट्री संगीताचा अल्बम मग कुठे ठेवायचा? त्यातला कंट्रीवाला ग्रॅम पार्सन्स बँडमध्ये जेमतेम काही महिने होता, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याआधी निघून गेला. तरी कंट्री काही त्याने बाहेरून आणून लादलं नव्हतं. बास वाजवणारा ख्रिस हिलमन मुळात ब्लूग्रासमधला, म्हणजे कंट्रीच्याच एका जुन्या प्रकारातला, मँडोलिनवाला. ते बीज पहिल्या दिवसापासून घरातच होतं. पुढे क्लॅरेन्स व्हाइटची गिटार आली. १९७३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने त्याला उडवलं नसतं तर तो अजून काय काय वाजवून गेला असता!

रानवारा
व्हाइट थोरच, वाद नाही. पण जानेवारी १९९१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मान दिला तो मूळ पाच जणांनाच. त्याच मे महिन्यात क्लार्क गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी.

बारातारी
पाच जणांचा मुद्दा मान्य. पण त्यात ड्रमवाला मायकेल क्लार्कही आहे. सुरुवातीला ड्रम घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा तो पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ठेका धरायचा. गाणी कोण लिहितो यावरच बँड ठरवायचा, तर त्याला तुम्ही कुठे बसवणार?