मदत हवी आहे: वाफेत मिसळलेला धूर कसा वाचायचा?
नमस्कार मंडळी. मी ओहायोतल्या एका कारखान्यात पर्यावरण विभागात आहे. ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) मेथड ९ प्रमाणे चिमणीच्या धुराची अपारदर्शकता डोळ्यांनी वाचते: सूर्य पाठीशी, दर १५ सेकंदांनी एक नोंद, २४ नोंदींची सरासरी. उन्हाळ्यात काही अडत नाही. पण थंडीत वेट स्क्रबरची (पाण्याने धूर धुणारं यंत्र) पांढरी वाफ चिमणीच्या तोंडापासूनच सुरू होते. नियम सांगतो, वाफ विरते त्याच्या पुढे वाचा. तिथवर धूर पार विरळ झालेला असतो, त्यात मागे पांढरं, ढगाळ आभाळ! खरा धूर नोंदीतून निसटेल याची मला फार काळजी वाटते. शेजारीच वस्ती आहे. अशा वेळी तुम्ही उभं राहायची जागा कशी निवडता? की कोरड्या, उबदार दुपारची वाट पाहता? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.