अण्णांच्या फॉर्म 4 वर मरणाचं कारण चुकीचं लिहिलंय, काय करू?

चोपडेकर:
आमचे अण्णा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. दोन वर्षांत चारदा पोटातलं पाणी काढलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. शेवटच्या रात्री घमेलंभर रक्ताची उलटी, काळपट, गुठळ्यांची. सगळ्या फायलींत 'लिव्हर सिरॉसिस' आहे, एकीत तर रोज किती क्वार्टर दारू तेही लिहिलंय. आणि फॉर्म 4, म्हणजे डॉक्टरने मरणाचं कारण लिहून द्यायचा कागद, त्याच्या दवाखान्याने दिलेल्या प्रतीवर फक्त 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने'. नगरपालिकेच्या दाखल्यावर तर कारणाचा रकानाच नाही. आई म्हणते, बरं झालं, अब्रू राहिली. मला नाही पटत. बावीस वर्षं जिने घर पोखरलं तिचं नाव सरकारच्या एकाही वहीत नसावं?

धुळ्याचा डॉक्टर:
दादा, दाखल्यावर कारण नसतंच, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी मनाईच आहे. कारण जातं ते फॉर्म 4 मधून निबंधकाकडे. 2023 च्या दुरुस्तीपासून त्याची प्रत नातेवाइकालाही द्यावी लागते, म्हणून तुला हे दिसलं तरी. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं, ते कारण नव्हे. तू सांगतोस त्यावरून वरच्या ओळीत रक्ताची उलटी आणि खाली मूळ कारण, दारूमुळे झालेला सिरॉसिस, असं हवं होतं. नुसतं 'सिरॉसिस' लिहिलं की आयसीडी-10 चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, के74 कोड पडतो. 'दारूमुळे' असेल तरच के70. तो एक शब्द मीही गाळलाय. बाई दाराशी उभी राहून म्हणते, "दारूनं नाव लिखू नका साहेब, पोरनं लगीन बाकी शे." हात थांबतो. पण ते चुकलंच माझं.

आशाताई, नंदुरबार:
तुमच्याकडे निदान डॉक्टर तरी होता. आमच्या पाड्यावर घरीच गेलेल्या माणसाचं कारण 'कावीळ' सांगतात. खोटं नाही बोलत कुणी, त्यांनी पिवळा पडलेलाच पाहिलेला असतो. मी आता कारण विचारताना, किती वर्षं पीत होता तेही विचारते.

चोपडेकर:
आता दुरुस्त होईल का? आईला भीती वाटते.

धुळ्याचा डॉक्टर:
सही करणाऱ्या डॉक्टरांनाच फाईल घेऊन भेट. कलम 15 मध्ये नोंद दुरुस्त करण्याची सोय आहे. दाखल्यावर तरीही काही छापून येणार नाही, हे आईला नीट सांग.

चोपडेकर:
सांगितलं. तिने दाखला मागितला, एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, लिहू दे. सोमवारी जातोय.