ट्रेनिंगला गेल्यावर तुमचं रोजचं काय काय टिकलं? (अनुभव धागा)

गवतीचहा
भाचीला नोकरी लागली आणि पहिलंच ट्रेनिंग सोलापूरला. काल फोनवर बॅग, कपडे, जेवण सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, तिथं पहाटे फिरायला जागा आहे का गं? फिरले नाही की माझं दिवसभर डोकं चढतं." मला एकदम माझं प्रमोशननंतरचं ट्रेनिंग आठवलं. तेही सोलापूरलाच, ऐन मे महिन्यात. दुपारी पारा 42 च्या पुढे आणि आम्ही बंद खोलीत कर्जवसुलीचे नियम ऐकतोय.

उतरायची सोय स्टेशनजवळच्या लॉजवर होती. पहाटेचा चहा स्वतःच्या हातचा लागतो, म्हणून छोटी केटल आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गवती चहाची पाती घेऊन गेले होते. केटल लावली की पंखा मंदावायचा. रूममेट डोळे न उघडताच म्हणायची, "बसली वाटतं ही पूजेला." चहा झाला की सिद्धेश्वर तलाव. एका अंगाला भुईकोट किल्ल्याचा तट, समोर पाण्यातलं देऊळ. बाकावर आजोबा मंडळी बसलेली असायची. एकजण कानडीत सुरू करायचा, दुसरा तेलुगूत हसायचा, तिसरा मराठीत वाद घालायचा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या भाषेत अनुत्पादक, हे मी त्या कडेनं चालता चालता पाठ केलंय. वर्गात काही डोक्यात शिरत नव्हतं. सातच्या आत परत यायचं मात्र, नंतर ऊन चटके देतं.

तुमचं काय टिकलं, काय सुटलं? लिहा सवडीने.

कुकरची_शिट्टी
केटल!! आमच्या ट्रेनिंग हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी जप्त केली होती. शेवटच्या दिवशी परत मिळाली, आत कुणीतरी अंडी उकडल्याचा वास.

माळरान
मी कृषी खात्यात. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात ट्रेनिंग होतं. दिवसभर तेल्या रोग, छाटणी, मृग बहार धरायचा की हस्त बहार, म्हणजे फुलोरा कुठल्या हंगामात घ्यायचा. विषय आवडीचा होता, तक्रार नाही. पण मला पक्षी बघायचा नाद, दुर्बीण कायम बॅगेत. रविवारी सगळे अक्कलकोटला दर्शनाला निघाले, मी एकाची मोटरसायकल मागून बार्शी रोडनं नान्नजला. माळढोक अभयारण्य. माळढोक दिसला नाही, आता तो दिसणं म्हणजे लॉटरीच. पण काळवीटांचा कळप अगदी निवांत चरत होता. एक नर मान वर करून माझ्याकडे बघत राहिला, कानावरची माशी उडवली आणि परत गवतात तोंड घातलं. गवत म्हणजे पिवळंधमक, गुडघ्याएवढं. लोक सोलापूरला रुक्ष म्हणतात, त्यांनी पावसाळा संपता संपता तो माळ बघावा.
सोमवारी सरांनी विचारलं रविवारी काय केलं. मी म्हटलं अभ्यास.

कुकरची_शिट्टी
@माळरान 😂 अभ्यासच की तो

हर्र_बोला
आमचं उलटं ओ. आमी सोलापूरचेच, ट्रेनिंग लागलं पुण्याला. हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो. आईनं पिशवीत कडक भाकरी आन शेंगा चटणी भरली हुती. मेसमधी रोज तीच पनीरची भाजी, तीबी गोड. मंग काय, खोलीत येऊन भाकरी चुरायची, वर दही, चटणी, कांदा बुक्कीनं फोडायचा. कडक भाकरी महिनाभर ठेवली तरी काय हुत नाय तिला. पण तिसऱ्या दिवशी नागपूरचा एक पोरगा वास काढत आला. मंग नाशिकचा. चटणी संपली की ओ आठवड्यात!! घरी फोन केला तर आई म्हनली तुला ट्रेनिंगला पाठवलं का मेस चालवायला.

गवतीचहा
@हर्र_बोला आई एकदम बरोबर बोलल्या 😄

दोन_सुया
मी विणते. पीपीटी चालू असतानासुद्धा. हात चालू असले की माझे कान उघडे राहतात, नाहीतर दहाव्या स्लाइडला झोप. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, काय विणताय? म्हटलं, सर, तुमच्या एसीमुळे मफलर. पुढच्या दिवशी एसी जरा कमी केला होता. सोलापूरच्या उन्हात मफलर विणणारी मीच असेन.

रात्रवस्ती
मी एसटीत कंडक्टर आहे. ट्रेनिंगला गेले तेव्हा मुलगा दीड वर्षाचा. माझं रोजचं म्हणजे त्याला झोपवताना गोष्ट सांगायची, दुसरं काही नाही. रोज रात्री नवरा फोन त्याच्या कानाशी धरायचा आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून सांगायची. खोलीत बाकीच्या बायका झोपलेल्या असायच्या ना. वाघ आला की जिन्यातला वॉचमन पण हं म्हणायचा. नंतर लिहिते, डबा भरायचाय.

गवतीचहा
ताई, वाचून गलबलून आलं. वॉचमनकाकांना वाघाचं पुढं काय झालं ते कळलं का?

रात्रवस्ती
हो 😊 राहिलेली गोष्ट सकाळी गेटवर विचारायचे.

चांदरात
माझं ट्रेनिंग नेमकं रमजानमध्ये, सोलापूरलाच. सहरीला, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधी पहाटे खायला, लॉजवर काय मिळणार? खजूर, केळी आणि थर्मासातलं दूध. रोजा सोडायच्या वेळेला वर्ग चालूच असायचा. शेजारच्या बाकावरचे पाटीलकाका घड्याळ बघून खालून पाण्याची बाटली सरकवायचे, स्वतःच्या पाकिटातली बिस्किटं पण. रात्री आम्ही दोघं विजापूर वेशीत. काय ती गर्दी, काय ते शिक कबाब! काकांची एकादशी आली त्या दिवशी मीच त्यांच्यासाठी भगर शोधत हिंडलो.

कुकरची_शिट्टी
आता शिक कबाब आठवले. घरी आज दुधी आहे.

बाराबंदी
जानेवारीत सोलापूरला ट्रेनिंग ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार. गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा! मी मूळचा तिथलाच, नोकरी ठाण्यात. संक्रांतीला नंदीध्वजांसोबत, म्हणजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्यांसोबत, चालायचं हे लहानपणापासूनचं. पांढरी बाराबंदी (बंद बांधायचा जुन्या पद्धतीचा अंगरखा) बॅगेत सगळ्यात खाली, फॉर्मल शर्टांच्या घडीखाली घातली होती. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, दिवशी सरांकडे गेलो, म्हटलं सुट्टी द्या. ते म्हणाले सिलॅबस राहील. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "एकदा भक्तलिंग बोला हर्र!" सातही नंदीध्वज रस्त्यानं निघालेले. इकडे अर्धा वर्ग खिडकीत. सरांनी मार्कर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, चला, मलाही दाखवा. अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ गर्दीत सरांची चप्पल हरवली, ती काही सापडली नाही. अनवाणीच लॉजवर गेले, पण खूश.

तबला_बंद
तबला घेऊन जाणं शक्य नव्हतं. उशीवर रियाज केला. धा धिं धिं धा करत रात्री दहाला. शेजारच्या खोलीवाल्यानं रिसेप्शनला तक्रार केली की कुणीतरी कपडे धुतंय, आणि मला पाणी येत नाही तर याला कसं येतंय.

कुकरची_शिट्टी
मेले हसून 🤣 लॉजवर पाण्याचं आमचंही असंच. बादलीभरात अंघोळ, केस धुणं आणि मोजे.

दोन_सुया
सोलापूरचा विषय निघालाच आहे तर, सोलापुरी चादरी कुठून घेता सगळे? मागे घेतलेली पहिल्या धुण्यात रंग सोडून मोकळी झाली.

बाराबंदी
@दोन_सुया अस्सल सोलापुरी सुतीच असते. उलटसुलट करून बघा, नक्षी दोन्हीकडे नीट दिसली पाहिजे, फक्त रंगांची अदलाबदल. एका बाजूला नुसती छापलेली असेल तर ती सोलापुरी नाही. आणि हायवेवर गाडी थांबवून घेऊ नका.

माळरान
@हर्र_बोला चटणीची कृती द्या ना. आमच्याकडे उखळ नाही.

हर्र_बोला
आईला विचारून सांगतो… शेंगदाने मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं काढायची. लसूण, जिरं, तिखट, मीठ. उखळ नसंल तर मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, तेल सुटेपर्यंत. एका दमात फिरवलं तर लगदा हुतो.

माळरान
तिखट किती?

हर्र_बोला
आई म्हनते तुमी कुठले ते आदी सांगा.