दुसरं ३०९० ग्राफिक्स कार्ड फक्त ‘एक्स४’वर चालतंय. बोर्ड बदलू की मशीनच?

धूरकट:
मंडळी, मशीन असं आहे: रायझन ९ ५९५०एक्स, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबीच्या चार स्टिक (डीडीआर४) आणि आरटीएक्स ३०९०. काम दोन प्रकारचं. ब्लेंडरमध्ये सायकल्सवर (त्याचं रेंडर इंजिन) रेंडर, आणि प्रोसेसरवर धूर-पाण्याची सिम्युलेशन्स. मोठ्या सीनला २४ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) पुरेना, म्हणून दुसरं ३०९० घेतलं. खालचा स्लॉट पहिल्याइतकाच लांब आहे, पण जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) तिथे ‘एक्स४ ३.०’ दाखवतो, म्हणजे जेन ३ च्या चार लेन. दोन्ही कार्डं मिळून ४८ जीबी होतात का? शिवाय रॅम ३२०० ची असून २६६६ वरच स्थिर राहते, त्यापुढे मशीन लटकतं. वापरलेलं थ्रेडरिपर प्रो ३९५५डब्ल्यूएक्सचं मशीन मिळतंय. तिकडे उडी मारू का?

लेनमोजणी:
आधी सांगा, तो आकडा रेंडर चालू असताना पाहिलात ना? कार्ड रिकामं असलं की वीज वाचवायला लिंकचा वेग जेन १ वर (स्लॉटची पहिली, सगळ्यात मंद पिढी) उतरतो आणि लोक उगाच घाबरतात. तुमचा आकडा मात्र खराच दिसतोय.

स्लॉटच्या लांबीवर विश्वास ठेवू नका, ते फक्त प्लास्टिक आहे. ५९५०एक्समधून २४ लेन (डेटाचे रस्ते) निघतात: १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ एसएसडीला, ४ चिपसेटकडे (बोर्डावरची मदतनीस चिप). बहुतेक बी५५० बोर्डांवर खालचा लांब स्लॉट प्रोसेसरला जोडलेलाच नसतो, तो चिपसेटवर असतो. चिपसेट आणि प्रोसेसरमधला रस्ता जेन ३ च्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३.९ जीबी. त्यातूनच सॅटा, नेटवर्क आणि दुसरी एम.२ जाते. मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम उघडा, सगळं एका चित्रात दिसेल. बोर्ड घेण्याआधी हे पान कुणी पाहत नाही, आरजीबीचे फोटो मात्र झूम करून पाहतात.

आता हे बोचतं कुठे, ते बघू. ३०९० च्या पोटातली मेमरी सेकंदाला ९३६ जीबी देते. जेन ४ चा पूर्ण एक्स१६ स्लॉट साधारण ३१.५ देतो, तुमचा खालचा ३.९. सीन व्हीरॅममध्ये मावत असेल तर तो एकदाच चढवायचा असतो. २० जीबी चढवायला कागदावर पाचेक सेकंद. दहा मिनिटांच्या फ्रेमला ते जाणवणारही नाही. पण वीस सेकंदांच्या फ्रेमचं अ‍ॅनिमेशन असेल आणि दर फ्रेमला सीन नव्याने चढत असेल, तर चौथाई वेळ तिथेच गेला. तेव्हा ब्लेंडरमधला ‘पर्सिस्टंट डेटा’ (फ्रेम बदलली तरी सीन मेमरीतच ठेवणारा पर्याय) चालू करून बघा, तो फुकट आहे. खरी वाट लागते सीन मावत नाही तेव्हा: सायकल्स उरलेला डेटा साध्या रॅममध्ये ठेवतो आणि रेंडर चालू असताना पुन्हा पुन्हा त्या अरुंद रस्त्याने ओढतो.

२४ आणि २४ मिळून ४८ आपोआप होत नाहीत. दोन्ही कार्डांत सीनची वेगवेगळी प्रत बसते, त्यामुळे वेग वाढतो पण जागा तेवढीच राहते. ३०९० ला एनव्हीलिंकची, म्हणजे दोन कार्डं थेट जोडणाऱ्या पुलाची, जागा आहे (४०९० मधून ती काढून टाकली), आणि ब्लेंडर २.९० पासून सायकल्स त्या पुलावरून डेटा वाटून ठेवू शकतो. तरी पूर्ण ४८ धरून चालू नका, काही गोष्टी दोन्हीकडे लागतातच. पूल ठरावीक अंतराचे येतात, म्हणून आधी दोन स्लॉटमधलं अंतर मोजा. आणि वरच्या कार्डाला श्वास घ्यायला जागा उरते का तेही बघा. साडेतीनशे वॉटची दोन कार्डं आहेत ही.

फक्त रेंडरचं दुखणं असेल तर बोर्ड बदला, मशीन नको. ग्राफिक्सच्या १६ लेनची दोन स्लॉटांत ८+८ विभागणी देणारा एक्स५७० चिपसेटचा बोर्ड घ्या, किंवा तशी विभागणी देणाऱ्या मोजक्या बी५५० पैकी एखादा. प्रत्येक कार्डाला जेन ४ च्या आठ लेन मिळतील, म्हणजे खालच्या कार्डाला आत्ताच्या चौपट वेग.

आठचॅनल:
रॅमबद्दल. तुमच्या ३२ जीबीच्या स्टिक ड्युअल रँक (मेमरी चिपांचे दोन गट असलेल्या) असणार. चार ड्युअल रँक स्टिक असताना या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत वेग २६६७ च आहे, ३२०० दोनच स्टिकना. म्हणजे बिघाड काही नाही. अशा प्रकारची सिम्युलेशन बहुतेक मेमरीवरच अडते, आणि ३२०० धरले तरी दोन चॅनलचे (रॅमकडे जाणाऱ्या वाटांचे) सेकंदाला ५१.२ जीबी सोळा कोअरमध्ये वाटले जातात.

थ्रेडरिपर प्रोला आठ चॅनल, २०४.८ जीबी, १२८ लेन. ऐकायला छान. पण ३९५५डब्ल्यूएक्समध्ये कोअरच्या फक्त दोन चिप आहेत, आणि प्रत्येक चिप मेमरीकडून साधारण ५१ जीबीच ओढू शकते. आठही चॅनल भरलेत तरी वाचनाचा वेग शंभरच्या आसपास अडकतो. पूर्ण फायदा हवा तर ३९७५डब्ल्यूएक्स बघा, त्यात चार चिप आहेत. आणि आठही स्टिक लावा. आठ चॅनलच्या बोर्डावर दोन स्टिक लावून ‘फरकच जाणवत नाही’ म्हणणारे मी भरपूर पाहिलेत.

ब्रँडेड मशीन असेल तर आणखी एक विचारून घ्या: काही कंपन्या प्रोसेसर आपल्याच बोर्डाशी कायमचा बांधतात. पुढे बोर्ड गेला तर तो प्रोसेसर दुसरीकडे चालत नाही.

ओटूवाला:
व्हीरॅम आणि रॅम यांच्यातली ही भिंतच नको, असं सिलिकॉन ग्राफिक्सने १९९६ च्या ओटूमध्ये ठरवलं होतं. एकच मेमरी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये तेच: १९२ जीबीपर्यंत सामायिक मेमरी, सेकंदाला ८०० जीबी. तुमचा २४ जीबीत न मावणारा सीन त्यात सरळ बसेल. पण ती मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि पीसीआय स्लॉट असूनही त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मला स्लॉट नसलेलं मशीन एकवेळ समजतं, स्लॉट असून कार्ड न घेणारं नाही.

धूरकट:
ब्लॉक डायग्राम पाहिला. खालचा स्लॉट चिपसेटवरच आहे, आणि दुसरी एम.२ लावली तर तो बंदच होतो असं बारीक अक्षरात लिहिलंय! पर्सिस्टंट डेटाने अ‍ॅनिमेशन सुधारलं. तूर्त एक्स५७० घेतो आणि ३९७५ वर नजर ठेवतो. तिकडे गेलो तर या चार स्टिक चालतील का?

आठचॅनल:
बोर्डावर अवलंबून. काही सुटे डब्ल्यूआरएक्स८० (थ्रेडरिपर प्रोचा चिपसेट) बोर्ड साध्या स्टिक घेतात, तयार मशीनमध्ये बहुतेक रजिस्टर्डच (मधे बफर चिप असलेल्या, सर्व्हरच्या) लागतात. दोन्ही मिसळून चालत नाहीत. विकणाऱ्याकडून रॅमच्या स्टिकरचा फोटो मागवा. ‘३२००एए’ नंतर ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, ‘यू’ असेल तर तुमच्यासारखी साधी.