‘आबांचं घर’ ग्रुप: वाटणी आणि आक्काची सही

भाऊ (पुणे): सगळ्यांना नमस्कार. आबा यंदा 83 चे झाले. त्यांच्या डोळ्यादेखत वाटणी झालेली बरी. तहसीलला जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 चा वाटणीचा अर्ज देऊ. वडिलोपार्जित पाच एकर मी आणि तात्या निम्मी निम्मी. आक्का, सोमवारी सांगोल्यात तुझं हक्कसोडपत्र रजिस्टर करून घेऊ. आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन ये.

तात्या (गाव): मला चालेल. आबांना अजून सांगितलेलं नाही.

दीदी (कोल्हापूर, तात्यांची मुलगी): भाऊकाका, आबांना न सांगता आणि आत्याला न विचारता वारसुद्धा ठरला?

भाऊ (पुणे): आक्काचं लग्न 1982 चं. राज्याच्या 1994 च्या कायद्यात त्याआधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही, हे मी विचारून घेतलंय.

दीदी (कोल्हापूर): 1994 चं बरोबर आहे, पण 2005 ला हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्न कधी झालं याचा संबंधच नाही. 2020 ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासून, मुलाइतकाच. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झालेली असती तर गोष्ट वेगळी. आपली झालेलीच नाही. म्हणजे वाटे चार: आबा, आत्या, तुम्ही आणि तात्या. आबांनी स्वतःच्या वेगळ्या कमाईतून घेतलेली माळावरची दोन एकर त्यांची स्वतःची, तिचं काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. आणि तुमच्या वाटणीत आबांचं नावच कुठं दिसत नाही. उद्या माळावरच्या सातबाऱ्यावरूनही ते निघालं तर पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे हप्तेही बंद होतील. ते दोन-दोन हजार आबा स्वतः बँकेत जाऊन काढतात, कुणापुढं हात पसरत नाहीत. तात्या, तुमच्या विरोधात बोलतेय असं समजू नका, पण हे मला पटत नाही.

आक्का (मंगळवेढा): सुनेकडून टाइप करून घेतेय. ‘मला काही नको, तुम्ही सुखी राहा’ असं म्हणायची आम्हा बायकांना सवय लागलीय. आज मी ते म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. खिलार जोडी आबांनी मिळेल त्या भावाला विकली. वैरणच नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग आई आणि ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि मी भाऊला काखेत घेऊन तिथंच बाभळीखाली बसायची. सुकडी मिळाली की आधी भाऊला भरवायची, उरली तर मी. मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, आई ती पाण्यात कुस्करून द्यायची. आबांच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा हातोड्याखाली गेलं, ते अजून वाकडंच आहे. तात्या, तू रोज त्यांना आंघोळ घालतोस, तुला माहीत आहे. एवढं सोसून त्यांनी जमीन विकली नाही. त्या जमिनीत मी परकी कशी? सही मी करेन की नाही ते नंतर बघू. आधी आबांना विचारा आणि मग मला विचारा.

तात्या (गाव): भाऊ, तुला हे कधी सांगितलं नव्हतं. डाळिंबावर तेल्या रोग आला, फळं डाग पडून झाडावरच तडकायला लागली. शेवटी आबांनी बाग काढली, तेव्हा सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. ते आक्कानं पाटल्या मोडून भरलं. घरात बोलायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली होती.

मोठी काकी (पुणे): अहो आक्का, आम्हाला हे खरंच ठाऊक नव्हतं.

तात्या (गाव): आबांना आत्ता सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो: “मी हाय तवर सातबाऱ्यावरनं माझं नाव काढायचं न्हाई. पोरीचा वाटा पोरीला. कागदाचं नंतर बघा, वरच्या अंगाची ताल (बांध) फुटलीया, ती आधी बांधून घ्या. पाऊस आला तर माती वढ्याला जाईल.”

भाऊ (पुणे): सोमवारचं रद्द. चार वाटे धरूनच मोजणीचा अर्ज करू, तोही आबा म्हणतील तेव्हा. आक्का, मी शनिवारी गावी येतोय, तूही ये. तात्या, तालीला जेसीबी किती तास लागेल? निम्मे पैसे मी पाठवतो.

आक्का (मंगळवेढा): निम्मे नको. तिघांत समान. माझे मी शनिवारी हातात देते.

तात्या (गाव): जेसीबीवाल्याला विचारून रात्री टाकतो.