जंतूंचं बोलणं बंद पाडणारे नॅनोपार्टिकल्स: अँटिबायोटिकला पर्याय?

प्रश्न:
मंडळी, बॅक्टेरिया केमिकल सिग्नल सोडून आपापसात बोलतात हे माहीत होतं, पण आता नॅनोपार्टिकल्स (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) वापरून ते बोलणंच बंद पाडायचं असं काहीतरी चाललंय म्हणे. जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. अहो पण जिवंत राहिले तर त्रास देणारच ना?

प्रतिसाद १:
एकटादुकटा फारसं काही करत नाही, जमाव झाला की करतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जंतूचंच घ्या, प्रत्येक पेशी एएचएल नावाचे छोटे रेणू सोडत असते, संख्या कमी असेल तर ते विरून जातात, गर्दी झाली की इतके साठतात की पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल ओळखणाऱ्या प्रोटीनला, चिकटून जीन्स चालू करतात आणि मग सगळे मिळून विषारी पदार्थ सोडायला लागतात, बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, पण भक्कम होते. यालाच कोरम सेन्सिंग म्हणतात. सिग्नल मध्येच गायब केला की हा हल्ला लांबणीवर पडतो, तेवढ्यात पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. ज्याची इम्युनिटीच ढासळलीय त्याला मात्र नुसतं एवढं पुरणार नाही.

प्रतिसाद २:
मला आवडलेला प्रकार म्हणजे सिलिकाच्या कणांवर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन बसवायचं. ती सात ग्लुकोजची कडी असते, आतून पाण्याला नको म्हणणारी, त्यामुळे एएचएलची तेलकट शेपटी बरोब्बर आत जाऊन बसते. व्हिब्रिओ फिशेरी हा चमकणारा जंतू, त्याची चमक याच सिग्नलवर चालते, त्याच्यावर हे कण वापरून सिग्नल दबल्याचं दाखवलंय.
चांदीच्या नॅनोपार्टिकल्सचे पेपर वाचताना मात्र जरा जपून! चांदी मुळात जंतू मारतेच, मग सिग्नल खरंच दबला की बिचारे अर्धमेले झाले म्हणून गप्प बसले? ग्रोथ कर्व्ह, म्हणजे जंतू नेहमीसारखे वाढतायत का याचा आलेख, दिलाय का ते आधी बघायचं.

प्रश्नकर्ता:
भारी! म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात ती रेझिस्टन्सची कटकट मिटली?

प्रतिसाद ३:
छे हो. मारत नाही म्हणून जंतूंवर बदलायचा दबाव कमी, शून्य नाही. फ्युरानोन नावाचे सिग्नल अडवणारे रेणू आहेत, स्यूडोमोनासचे काही म्युटंट (जीन्स बदललेले जंतू) ते पेशीच्या आवरणातल्या पंपाने सरळ बाहेर फेकतात. सायक्लोडेक्स्ट्रिनवाला कण पेशीच्या बाहेरच काम करतो, तिथे पंपाचा उपयोग नाही हे खरं, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा दुसरा जंतू एएचएल वापरतच नाही, त्याचे सिग्नल पेप्टाइडचे (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांचे), म्हणजे तिथे हा सापळा फुकट. शिवाय रक्तात गेल्या गेल्या कणांवर प्रोटीन्सचा थर चढतो आणि सापळा झाकला जाऊ शकतो. म्हणून मला तरी कॅथेटरवर (शरीरात घालतात त्या नळीवर) या कणांचं कोटिंग करणं जास्त पटतं, आणि तेही अँटिबायोटिकच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.