फिनलंडची युद्धपुस्तकं : खंदकातून किती दिसतं?

रानवाटा :
दोन महिने फिनलंडच्या युद्धांवर इंग्रजीतून मिळेल ते वाचतोय. तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम ३७ लाख. ३० नोव्हेंबर १९३९ ला रशियाने हल्ला केला, १०५ दिवस झुंज चालली, सुमारे २५ हजार फिनिश सैनिक गेले आणि शेवटी पूर्वेकडच्या करेलिया प्रांताचा मोठा तुकडा द्यावाच लागला. चार लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली. पुस्तकं मात्र बहुतेक एकाच सुरात : उणे चाळीसची थंडी, स्कीवरचे पांढरे डगले, पाचशेवर बळी घेणारा नेमबाज सिमो हायहा. पोवाडेच. पहिल्याला अंगावर काटा येतो, तिसऱ्याला जांभई.

माझ्या मते वाइनो लिन्नाची ‘अज्ञात सैनिक’ (१९५४) ही एक कादंबरी वाचा, बाकीची राहू द्या. लिन्ना स्वतः आघाडीवर होता, नंतर ताम्पेरेच्या कापडगिरणीत कामगार. कादंबरीत लढाई थंडावलेली असताना हुकूम सुटतो : पायवाटेच्या कडेने गोटे मांडा, शोभा येईल. रोक्का, जो चकमकीत सगळ्यांच्या पुढे असतो, साफ नाही म्हणतो. त्या गोट्यांवरून मला सैन्य जितकं कळलं तितकं जाडजूड इतिहासांवरून नाही.

नकाशेवाला :
असहमत. आणि आधी एक दुरुस्ती : तुम्ही दोन युद्धांची खिचडी केलीय. लिन्नाची कादंबरी १९४१ ते ४४ च्या युद्धावर आहे. तेव्हा फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढत होता आणि जुन्या सरहद्दीच्या पलीकडे घुसला होता. १०५ दिवसांवाल्या युद्धाचे त्यात फक्त उल्लेख येतात.

ते युद्ध समजायचं तर नकाशाच लागतो. फिनलंडच्या पूर्व सरहद्दीजवळचा राते रस्ता घ्या, जानेवारी १९४०. दोन्हीकडे जंगल, गुडघ्याच्या वर बर्फ, मधून एकच रस्ता आणि त्यावर रशियाची ४४वी डिव्हिजन लांबच लांब अडकलेली. फिनिश तुकड्यांनी स्कीवरून येऊन तिचे तुकडे पाडले. अशा कोंडलेल्या तुकड्याला ते ‘मोत्ती’ म्हणत. मूळ अर्थ, रचून ठेवलेला घनमीटरभर सरपणाचा ढीग. सवडीने फोडायचा! हे खंदकातल्या शिपायाला कुठून दिसणार?

रानवाटा :
खिचडी मान्य, घाईत झालं. ‘मोत्ती’ भारीच. पण तो शब्द शिपायांचाच आहे ना, सेनापतींचा नव्हे. :)

सईची_वही :
दोघेही एकाच बाजूने बघताय. १९४१ च्या युद्धात फिनलंडने जुन्या सरहद्दीपलीकडचा पूर्व करेलिया घेतल्यावर तिथल्या रशियन नागरिकांना छावण्यांत कोंडलं, चार हजारांवर माणसं मेली. फिनलंडने पकडलेल्या सुमारे ६४ हजार रशियन युद्धकैद्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा जगला नाही. छोटा देश म्हटलं की आपण त्याला आधीच निर्दोष सोडून देतो. दर ६ डिसेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, या कादंबरीवरचा १९५५ चा सिनेमा टीव्हीवर लागतो. छावण्यांच्या वाट्याला असा दिवस नाही.

अवांतर : ‘लोत्ता’ संघटनेतल्या ज्या बायकांनी आघाडीवर स्वयंपाक आणि शुश्रूषा केली, त्यांनाही लिन्नाने केलेलं चित्रण झोंबलं होतं.

पारावरचा :
सईताई, आकडे नाकारत नाही. पण कादंबरीकडून चौकशी आयोगाची अपेक्षा कशाला? माझे वडील ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. लहानपणी आम्ही लढाईचं विचारलं की ते बुटांचं सांगायचे. चिखलात तळवा सुटला, तारेने बांधला, तसेच चार दिवस चालले. एवढंच. मी ते खोटं म्हणू का?

सईची_वही :
खोटं नाहीच, काका. पण त्या चार दिवसांत वाटेत गावं लागली असतील. तिथली माणसं बुटांविषयी बोलणार नाहीत. त्यांचं पुस्तकही मला हवंय, एवढंच म्हणणं.

पारावरचा :
गावं लागली होती. एका घरी मुरमुरे दिले म्हणायचे, आणि मग गप्प व्हायचे. पुढचं आम्हीही कधी विचारलं नाही.

नकाशेवाला :
काका, तारीख आणि युनिट सांगता येईल का? ती वाट नकाशावर काढून देतो.